बुटकीची सवत

बायजा धाकूवर पहिल्यांदा रागावली ती पाण्यावरून. आगऱ्यांच्या पाड्यावरची बाई पाण्यावरून रागावली, यात नवल ते काय? नवल एवढंच, की तो राग वैशाखात सुरू झाला आणि माघापर्यंत पुरला... आणि शेवटी त्याचं जे काही झालं, ते तिची सासू ठमाबाई पुढे कितीतरी वर्षं हसून हसून सांगत राहिली.

ठाण्याच्या खाडीकाठी, मीठबंदराच्या पलीकडे, पंचवीस-तीस घरांचा तो पाडा. पुढे मिठागरं, मागे मिठागरं, उधाणाला अंगणापर्यंत पाणी — आणि प्यायला थेंब नाही. गोड पाणी नौपाड्याकडच्या विहिरीवर. डोईवर हंडा, कमरेवर कळशी, जाऊन-येऊन कोसभर वाट. पाड्यावर मुलगी द्यायची तर लोक आधी जमीन किती ते विचारत नसत, विहीर किती लांब ते विचारत. पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला की घरातली पोरं टक लावून बघायची, पाहुणा तळाशी किती ठेवतो. आणि शहाणा पाहुणा दोन घोट ठेवायचाच.

त्या सकाळी बायजा शिंपल्यांच्या भरडीची पाटी घेऊन मिठाच्या खात्यातल्या मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर गेली होती. खाडीतले शिंपले वेचायचे, कुटायचे आणि साहेबाच्या बागेतल्या वाटांवर घालायला द्यायचे, हे उन्हाळ्यातलं तिचं जोडकाम. बंगल्यामागे वळली, तर ओसरीलगतच्या वाफ्याशी एक तरणा माळी उकिडवा बसलेला. हातात झारी. समोर वीतभर उंचीची, राखाडी रंगाची सहा झुडपं. एखाद्या तान्ह्या पोराच्या टाळूवर पाणी सोडावं, तसा तो एकेकाच्या बुडाशी पाणी सोडत होता. खालची माती आधीच चिखल झालेली.

बायजा उभी राहिली. पाटीखालून बघत राहिली. मग तिला राहवलं नाही.

"हिरीचं पानी हाय?"

"व्हय. गोड हाय." त्यानं वर न बघता सांगितलं. "पायजे?"

"किती वेला घालतंस?"

"सकाल-संध्याकाल." यावर मात्र तो जरा ताठ बसला. "दुपारी ऊन चढलं त आनखी एकदा."

"आमी कोस तुडवून हंडा आनायचा," बायजा म्हणाली, "नि तू दुपारच्याला गवताला पाजायचं. चांगलं हाय."

"गवत नाय ते." आता त्यानं वर बघितलं. "विलायतेचं झाड हाय. आगबोटीनं आलंय. मडमेच्या आयेच्या बागेतलं... वास घेऊन बघ."

तिनं खाली वाकून एक पान चुरगाळलं. आणि नाकाशी नेलं. कापराचा नव्हे, वाळ्याचा नव्हे, देवळातला नव्हे की स्वयंपाकघरातलाही नव्हे — धुऊन, उन्हात वाळवून, घडी घातलेल्या लुगड्याला मन असतं तर त्याला यावा असा वास. पाटी डोईवर असल्याचंही ती क्षणभर विसरली.

तिचा चेहरा निवळलेला बघून माळ्याला धीर आला. कुणी रागावलं तर काय करायचं हे त्याला एकच ठाऊक होतं. तो उठला, शेजारच्या सोनचाफ्याचं एक फूल खुडलं आणि तिच्यापुढे धरलं.

बायजा चटकन मागे सरली. इतकी चटकन, की पाटी कलंडली आणि अर्धी भरड वाफ्याच्या टोकाला, शेवटच्या झुडपाच्या अंगावर सांडली.

"मना चालत नाय," ती म्हणाली.

तिचं कपाळ शिंपल्यांच्या पिठीनं पांढरं झालेलं होतं. कुंकू आहे की नाही, कळायला वाव नव्हता. आता कळलं. माळ्याचा हात फुलासकट तसाच राहिला.

"मी... मना कललं नाय, बाय."

"कलायला काय, कपालावर लिवलंय?" ती म्हणाली, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन तिलाच हसू आलं, कारण कुंकू नसणं हेच तर लिहिलेलं होतं. तिनं सांडलेली भरड उचलली नाही. उरलेली वाटेवर ओतून ती निघून गेली. वाटभर बोटांना तो वास येत राहिला. घरी येऊन तिनं भाकऱ्या थापल्या, तेव्हा ठमाबाई म्हणाली, "आज भाकरीला कसला गं वास येतो? साहेबाच्या घरचा?"

*

पंधरा दिवसांनी ती दुसरी पाटी घेऊन गेली, तेव्हा सहातली चार झुडपं काळी पडून आडवी झाली होती. धाकू — आता तिनं त्याचं नाव विचारून ठेवलं होतं. तो कळव्याच्या मिठागरावरचा आगरीच, लहानपणापासून बंगल्यावर राबणारा — त्यांच्यासमोर बसून होता.

"चार गेली," तो म्हणाला. शेजारच्या घरची बातमी सांगावी तसा.

"पानी कमी पडलं असंल," बायजा म्हणाली.

त्यानं तिच्याकडे असं बघितलं, की तिला आपल्या जिभेची लाज वाटली.

"चिडव," तो म्हणाला. "पन मी कमी नाय केलं. माजी आय गेली ना, तापात, तवा गोड पानी मागत व्हती. हंडा वाटेवर व्हता. मी दारात उभा राहून बघत व्हतू, रखरखीत बांधावरनं हंडा येतोय, येतोय... आला तवा ती नव्हती. तवापासून कुनाला तहान लागलेली मना बघवत नाय. झाडालाबी."

बायजा पाटी उतरवून बसली.  मग तिनं एका मेलेल्या झुडपाच्या बुडाशी बोट खुपसलं. बोट दोन पेरं आत गेलं, आणि बाहेर काढलं तर चिखल, कुबट वासाचा.

"हे तहानेनं नाय मेलं, धाकू. बुडून मेलंय."

मग तिचं लक्ष टोकाच्या झुडपाकडे गेलं. तिची भरड ज्याच्यावर सांडली होती, ते. शिंपल्यांच्या त्या पांढऱ्या ढिगात ते ताठ उभं होतं, आणि शेंड्याला नवी पालवी. शेजारचं, ज्याच्यावर थोडीच सांडली होती, ते मान टाकून का होईना, पण जिवंत होतं.

"मिठागराच्या बांधावर जी झुडपं येतात, त्यांना कोन पानी घालतं?" तिनं विचारलं.

"कोन घालनार?"

"मग? त्यांची नि हिची जात एक दिसते. तिला गोड पानी मानवत नाय, खत मानवत नाय, लाड मानवत नाय. उपाशी ठेव, म्हंजे जगंल."

धाकूला हे पटायला जड गेलं. गोड पाणी मानवत नाही, असं काही जगात असू शकतं, हे खारपट्टीतल्या माणसाला कोण पटवून देणार? पण दोन झुडपं समोर होती आणि चार आडवी.

"ही दोन जगली तरी आता पाऊस येईल," तो म्हणाला. "मडम पाऊसभर घाटावर चालली. जाताना म्हनाली, परत येईन तवा एक तरी जितं दिसू दे. रागावली नाय गं... रागावली असती त बरं झालं असतं. नुसतं डोलं पुसलं. मी झारी बंद करीन. पन आभालाला कोन सांगनार?"

"पावसात मिठाला काय करतो आपन?"

धाकू तिच्याकडे बघतच राहिला. आगऱ्याचं पोर, मिठाच्या राशीवर घसरून लहानाचं मोठं झालेलं, आणि ही साधी गोष्ट त्याला सुचली नव्हती. उंचावर रास रचायची. खाली निचरा ठेवायचा. वरून गवतानं शाकारायचं, आणि बाजूंनी वारा खेळता ठेवायचा, नाहीतर मीठ आतल्या आत पाझरतं.

"मिठासारखं..." तो हळूच म्हणाला.

"मिठासारखं," बायजा म्हणाली. "उद्या आनखी भरड आनते. कोयत्याला धार लावून ठेव."

*

त्या दोघांनी बांधलेलं ते छप्पर बघून बंगल्यावरचा खानसामा पोट धरून हसला. कमरेएवढा मातीचा उंचवटा, त्यात निम्मी शिंपल्यांची भरड आणि पडक्या भिंतीचा जुना चुना. चार खुंट, वर गवताची शाकारणी. आणि त्या सगळ्या थाटाखाली दोन वीतभर झुडपं, एखाद्या संस्थानिकासारखी. विलायती नाव दोघांच्याही जिभेला वळत नव्हतं. धाकूनं त्यांना बुटकी म्हणायला सुरुवात केली. मोठी बुटकी आणि धाकटी बुटकी.

"तुज्यावरनं ठेवलं नाव," एकदा तो म्हणाला.

"माजी उंची हंड्यानं खाल्ली," बायजा म्हणाली. "नायतर मी तुज्या डोक्याला लागले असते."

"आता काय कमी लागलीस?" असं म्हणून तो इतका लाजला, की उगाच उठून शाकारणीचं गवत नीट करू लागला. ते नीटच होतं.

आषाढ गेला, श्रावण गेला. मिठागरं बुडाली, खारजमिनीत भात लागला. बायजा आठवड्यातून दोनदा बुटकीला बघायला यायची. खरं तर झुडूप म्हणजे काही आजारी मावशी नव्हे की सारखं जाऊन बघावं. पण धाकू बंगल्याच्या विहिरीचं पाणी शेंदून तिचा हंडा भरून द्यायचा, तेव्हा घरी सांगायला कारण होतं.  ठमाबाई हंडा उतरवून घेताना सुनेचा पदर नाकाशी न्यायची.

"पानी घातलंस आज?" बायजा आल्या आल्या विचारी.

"नाय."

"खरं सांग."

"हात शिवशिवला. पन नाय घातलं."

"मग काय केलंस सकालपासून?"

"बसलू व्हतू हितंच."

"बसून काय?"

"वाट बघत व्हतू."

"कुनाची?"

छपराच्या कडेनं पागोळ्या लागलेल्या. धाकूनं बाहेर बघितलं. "उन्हाची," तो म्हणाला.

"पडलं का मग?"

"आत्ता पडलं."

बायजा खाली वाकून मोठ्या बुटकीचं एक पान तपासू लागली. त्या पानाला काहीही झालेलं नव्हतं.

फूल मात्र त्यानं तिला परत कधी दिलं नाही. सोनचाफा बहरून गेला, जाई आली, तगर पडून वाटा पांढऱ्या झाल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना तो ओंजळभर द्यायचा, आणि बायजा असली की हात मागे बांधून उभा राहायचा. एकदा मात्र तिचा भरलेला हंडा उचलून त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि बागेच्या फाटकापर्यंत चालत गेला. बाप्यानं डोईवर हंडा घेतलेला कुणी बघितला असता तर पाड्यावर महिनाभर हसू पुरलं असतं. निम्मं पाणी त्याच्या खांद्यावर सांडलं.

"एवढ्यात एवढं सांडलंस," बायजा म्हणाली. "कोसभरात काय उरंल?"

"मान कशी धरता गं तुमी?"

"धरत नाय. हंडाच धरतो आमची."

तो हसला नाही. तिच्या मानेकडे बघत राहिला, आणि ती नजर घरी पोचेपर्यंत तिच्या मानेवर होती.

*

भाद्रपदाच्या शेवटी ठमाबाईनं विषय काढला. बायजा तांदूळ निवडत होती.

"मोहन्याहून निरोप आलाय. दगडू म्हनून हाय. बायको दोन वर्सांमागं गेली. दोन म्हशी हायत, मानूस निर्मल हाय, दारू पीत नाय. तुज्याशी पाट लावायला तयार हाय."

बायजाचा नवरा लग्नाच्या आठव्या महिन्यात पटकीनं गेला, त्याला पाच वर्षं झाली होती. विधवेनं पाट लावून दुसरा संसार मांडावा, याला त्यांच्यात ना नव्हती. ठमाबाईनंच आजवर टाळलं होतं. आणि का टाळलं, ते दोघींनाही माहीत होतं. घरात दोघीच होत्या.

"नि तू?" बायजानं विचारलं.

"माजं काय? मी मिठात मुरलेली. मी नासत नाय." ठमाबाईनं सूप खाली ठेवलं. "बायजे, मोहन्याला दारात नदी हाय. पायरी उतरली की उल्हास. गोड. मी चालीस वर्सं हंडा वाह्यला, माजी मान बघ, सरल होत नाय आता. तुजी तशी झालेली मना बघायची नाय."

 बायजानं चार-पाच चांगले तांदूळ खड्यांबरोबर टाकून दिले.

दुसऱ्या दिवशी ती बंगल्यावर गेली. धाकू शाकारणी उतरवत होता. पाऊस ओसरला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. म्हशी, निर्मळ माणूस, आणि पायरी उतरली की नदी. कार्तिकात, तुळशीचं लग्न झालं की पंच बसणार. पहिल्या लग्नात पोरीला कुणी विचारत नाही, पण पाटाच्या वेळी चारचौघांत बाईच्या तोंडून होकार यावा लागतो. हेही तिनं सांगितलं. दोनदा सांगितलं.

धाकूच्या हातात गवताची पेंढी होती. ती त्यानं खाली ठेवली. परत उचलली.

"दारात गोड पानी..." तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे कुठला बांध आणि कुठला हंडा आला, कुणास ठाऊक. "चांगलं हाय, बायजा."

"चांगलं हाय?"

"मंग काय बोलू? नको म्हनू? गोड पान्याला?"

तिनं रिकामा हंडा उचलला. तो भरून देतो म्हणाला, तर थांबली नाही. त्या दिवशी नौपाड्याच्या विहिरीवरून पाणी आणलं, आणि नंतर दीड महिना तिथूनच आणत राहिली.

*

तुळशीचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायजा विहिरीवर पोचली, तर बायांचा घोळका तिला बघून एकदम गप्प झाला. मग सगळ्या एकदम हसल्या. शेजारची रखमा पुढे आली; तिच्या पोटात गोष्ट राहत नसे, फुटक्या कळशीत पाणी राहावं तेवढीसुद्धा.

"साहेबाचा माली आला व्हता काल. काळुराम पाटलाकडं."

"मग?"

"पाटलाला ऐकाला येत नाय, ठावं हाय ना? तुलशीपुढं सगला गाव बसलेला. ह्यानं जाऊन कानात विचारलं. पाटील बोलला, मोठ्यानं बोल. ह्यानं आनखी विचारलं. पाटील बोलला, आरं मोठ्यानं. तवा हा वरडला —" रखमानं हंडा खाली ठेवला, असं काही सांगायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत. "'रुईच लागते का? दुसरं झुडूप चालतं का?' सगली बत्ताशे खायची थांबली."

बायजाचा दोर हातातून सुटला. पोहरा विहिरीत धडाधड आपटत गेला.

कारण रुई कशाला लागते, हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बिनलग्नाच्या बाप्याला विधवेशी पाट लावता येत नाही. आधी त्याचं रुईच्या झुडपाशी रीतसर लग्न लावायचं, मुंडावळ्या, अक्षता, सगळं. मग ते झुडूप कापायचं. पहिली बायको वारली, हा बिजवर झाला, की पाटाला मोकळा. धाकू बिनलग्नाचा. आणि त्याच्या ओळखीची विधवा कोण, हे कुणाला विचारावंही लागलं नाही.

"पाटलानं विचारलं, रुईला काय झालं?" रखमा पुढे सांगत होती. "त हा बोलला, 'रुईला माजं काय ठावं? बुटकीनं मना चार महिनं बघितलंय.' बुटकी कोन गं?"

बायजानं पदरानं तोंड झाकलं. बायांना वाटलं, रडते. ती रडतही होती; पण तेवढंच नव्हतं.

*

तिसऱ्या दिवशी देवळापुढच्या पारावर पंच बसले. सकाळची वेळ. मोहन्याचा दगडू आगीनगाडीनं आला होता. चाळिशीचा, शांत, हसऱ्या डोळ्यांचा. त्यानं येताना लुगडं आणलं नव्हतं, की बांगड्या आणल्या नव्हत्या. दारातल्या नदीचं पाणी भरून, तोंडाला फडकं बांधून, तांब्याचा एक हंडा आणला होता. त्यानं तो पारावर ठेवला, तेव्हा सगळ्या बायका पुढे सरकल्या. असा शहाणा माणूस. नाही म्हणायला काही जागाच ठेवली नव्हती.

धाकू गर्दीच्या मागे उभा होता. झारी धरायच्या हातांना आज धरायला काही नव्हतं.

"पोरी," काळुराम पाटील म्हणाला, "हंडा उचललास त हो समजू. मोठ्यानं बोलाची गरज नाय."

बायजा पुढे आली. हंड्याजवळ बसली. फडकं सोडलं, तांब्या भरला, आणि उठून ठमाबाईपुढे जाऊन तिच्या ओंजळीत धार धरली.

"पी, आये."

ठमाबाईला काही कळेना. पण पाणी ओंजळीत आलं होतं, आणि पाणी सांडायचं नाही हे हाताला चाळीस वर्षं ठाऊक होतं. ती प्यायली. डोळे मिटून प्यायली. तांब्या संपला, दुसरा संपला. 

मग बायजा दगडूकडे वळली. पदर सावरला.

"पानी गोड हाय. तुमी मानूस गोड हाव. पन गोड पानी सगल्यांनाच मानवत नाय, दादा. काही झाडं खारातच जगतात... नि ती उपटली त मरतात. माजी पालंमुलं ह्या म्हातारीच्या अंगनात रुजलीत. नि..." ती थांबली. गर्दीच्या मागे तिनं बघितलं नाही. "नि पाटलांनी त्या माल्याला अजून उत्तर दिलं नाय. रुईच लागते का ते."

"काय बोलते?" पाटलानं विचारलं.

"ती बोलते," ठमाबाई तोंड पुसत कडाडली, "की तिला मीठच आवडतं."

हशा उसळला. दगडू 'दादा' झाला होता. त्यानं ते ऐकलं होतं. क्षणभर त्याचा चेहरा उतरला, मग तोही हसला.

"हंडा राहू दे," तो म्हणाला. "भरलेला आनला, रिकामा कुठं नेऊ? बहिनीच्या घरी ठेवला समजा."

पाटलानं खूप विचार केला. झुडपाची कधी कुणी चौकशी केली नव्हती. शेवटी तो म्हणाला, "झुडूप असलं म्हंजे झालं. पन कापल्यावर मेलं पायजे. पयली जिती असली त पाट कसला?"

मागे उभा धाकू तोंडभर हसला. 

"ऊन पडलं गं," ठमाबाई बायजाच्या कानाशी म्हणाली. आणि बायजाला तेव्हा कळलं, की सासूला सगळं केव्हापासूनचं ठाऊक होतं.

*

मडम घाटावरून परतली ती दोन्ही झुडपं बघून गुडघ्यांवर बसली, मातीत, झग्यासकट. बक्षीस काय पाहिजे विचारलं, तर धाकूनं मोठी बुटकी मागितली. तिनं देताना एवढंच बजावलं: फुलून झाली की दर वर्षी तिसरा हिस्सा छाटायची, म्हणजे पसरत नाही, बुटकी राहते. फक्त हिरव्यातच कापायचं. खालच्या तपकिरी लाकडाला हात लावला तर परत फुटायची नाही.

माघात बुटकी फुलली. ठमाबाईच्या अंगणात, शिंपल्यांच्या उंचवट्यावर, जांभळे तुरे. धाकूनं मुंडावळ्या बांधल्या, झुडपाला हळद लावली, पोरांनी अक्षता टाकल्या. वीतभर नवरीपुढे पाच हाताचा नवरा घाम पुसत उभा. आणि मग कोयता हातात दिला, तर त्याचा हात उचलेना.

"काप," पाटील म्हणाला.

"पावसात चार महिनं जगवली तिला..." धाकू म्हणाला.

"दे इकडं," बायजा म्हणाली. "सवत हाय माजी. मीच बघते."

ती वाकली. मुठीत तुरे धरले, बोटांनी चाचपत हिरवं कुठं संपतं आणि तपकिरी कुठं सुरू होतं ते शोधलं, आणि त्याच्या दोन बोटं वर कोयता फिरवला. वास असा उसळला, की मागच्या ओळीतल्या पोरांनीही श्वास ओढला.

"मेली का?" पाटलानं विचारलं.

"मेली," ठमाबाई ओरडून म्हणाली. "बिचारी."

त्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर, रीतीप्रमाणे गाजावाजा न करता, पाट लागला.

फाल्गुनात बुटकीला कापलेल्या जागी पालवी फुटली. आधीपेक्षा दाट, गोल, कुंकवाच्या करंड्यासारखी. काळुराम पाटील वाटेनं जाताना थांबला. बराच वेळ बघत राहिला.

"ठमे, ही त जिती हाय."

"मंग काय करू?" ठमाबाई म्हणाली. "दोघींचं पटतंय."

पाटलाला ऐकू आलं नसावं. किंवा आलं असेल. तो पुढे गेला.

तेवढ्यात बांधावरून धाकू आला. बंगल्यावरचं काम आटोपून रोज खांद्यावर कावड घेऊन तो गोड पाणी आणायचा. एका बाजूला घरचा हंडा, दुसऱ्या बाजूला दगडूदादाचा तांब्याचा. पाड्यावरचे बाप्ये आधी हसले होते. आता त्यांच्या बायका त्यांच्याकडे बघायला लागल्या होत्या, त्यामुळे हसू जरा कमी झालं होतं. त्यानं कावड उतरवली, तांब्या भरला, आणि बुटकी नि बायजा यांच्यामधे उभा राहिला.

"कुनाला देऊ?" त्यानं विचारलं.

"तिला दिलंस त बघ," बायजा म्हणाली.

तिच्या केसांत जांभळा तुरा होता, वाळलेला, माघातला. तिनं तांब्या घेतला, मान मागे टाकली आणि प्यायला लागली. धाकू बघत राहिला, सवयीनं, तळाशी किती ठेवते ते. तिनं तांब्या पालथा करून दाखवला.

काही ठेवलं नव्हतं.